साइट शोधात दिसेपर्यंत: खिशाला हात न लावता केलेलं एसईओ

सबटायटलची वेळ पुढेमागे करणारं एक छोटं टूल. रिॲक्टमध्ये लिहिलेलं, ब्राउझरमध्येच चालणारं, फुकटच्या स्टॅटिक होस्टिंगवर ठेवलेलं. खर्च काय तो डोमेनचा. दोन महिने उलटले तरी गूगलमध्ये टूलचं नाव जसंच्या तसं टाकूनही ते सापडत नाही. एकट्यादुकट्याने सॉफ्टवेअर करणाऱ्यांची एसईओशी, म्हणजे साइट शोधात दिसावी म्हणून करायच्या कामाशी, पहिली ओळख साधारण अशीच होते. अशा साइट्स मार्गी लावताना आम्हाला काम ज्या क्रमाने करावं लागतं, तो क्रम या एका टूलच्या आधाराने मांडतोय. क्रम महत्त्वाचा अशासाठी की बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी वेग, मग मेटा टॅग, मग लिंका. आणि गाडी अडलेली असते ती या सगळ्याच्या कितीतरी आधी.

क्रोममधल्या लाइटहाउस या तपासणीच्या टूलमध्ये एसईओच्या रकान्यात १०० गुण दिसले की माणूस आणखीच गोंधळतो. सगळं हिरवं आहे, मग साइट कुठे आहे? तो आकडा म्हणजे फक्त हजेरी आहे: टायटल आहे का, डिस्क्रिप्शन आहे का, पान नोइंडेक्स (शोधात घेऊ नको अशी सूचना लावलेलं) तर नाही, लिंका वाचता येतात का. पान गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी साठवलेल्या पानांमध्ये, खरंच आहे की नाही हे त्याला ठाऊकच नसतं. ते कळतं साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, आणि ते फुकट आहे.

सर्च कन्सोलमध्ये साइट जोडताना दोन पर्याय येतात. डोमेन स्वतःचं असेल तर डोमेन प्रॉपर्टी घ्यायची, कारण तिच्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले-नसलेले पत्ते, एचटीटीपी, एचटीटीपीएस आणि सगळे सबडोमेन एकत्र दिसतात. त्यासाठी डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींमध्ये) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकावी लागते. इथे नेहमी होणारी चूक: होस्टच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिलं जातं. बरेच डीएनएस पॅनल डोमेन आपणहून जोडतात, त्यामुळे नोंद डोमेन दोनदा लागलेल्या भलत्याच पत्त्यावर जाऊन बसते आणि पडताळणी होत नाही. तिथे बहुधा नुसतं ॲटचं चिन्ह लागतं. ही नोंद पडताळणी झाल्यावरही काढायची नाही. काढली की काही दिवसांनी मालकी जाते. साइट होस्टिंगवाल्याच्या फुकट सबडोमेनवर असेल तर डीएनएस आपल्या हातात नसतं, मग यूआरएल प्रीफिक्स प्रॉपर्टी घेऊन एचटीएमएल फाइल किंवा मेटा टॅगने पडताळणी करायची.

त्यानंतर यूआरएल तपासणीत एकेक पान टाकून बघायचं. तिथे दोन वेगळ्या गोष्टी कळतात: गूगलच्या इंडेक्समध्ये आज काय आहे, आणि लाइव्ह टेस्ट केली तर आत्ता काय दिसतं. लाइव्ह टेस्टनंतर तपासलेल्या पानाचं एचटीएमएल उघडता येतं. त्यात आपल्या पानावरचं एखादं ठळक वाक्य शोधा. सापडलं नाही, तर पुढचं सगळं एसईओ बाजूला ठेवा.

आमच्या उदाहरणातलं पान कर्लने (कमांड लाइनवरून पान मागवणाऱ्या टूलने) मागवलं, तर हातात आला एक रिकामा डिव आणि एक स्क्रिप्टची लिंक. बाकी मजकूर जावास्क्रिप्ट चालल्यावर तयार होतो. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, जावास्क्रिप्ट चालवतो. २०१९ पासून तो ताज्या क्रोमियमवर चालतो. पण आधी कच्चं एचटीएमएल, मग रांगेत थांबून रेंडरिंग (जावास्क्रिप्ट चालवून पान तयार करणं), असं ते काम दोन टप्प्यांत होतं. मधे एखादी एपीआय कॉल फसली, एखादी स्क्रिप्ट रोबॉट्स फाइलने (क्रॉलरने कुठे यायचं नाही ते सांगणाऱ्या फाइलने) अडवलेली निघाली, की दुसऱ्या टप्प्यातही पान रिकामंच राहतं. शिवाय जावास्क्रिप्ट न चालवणारे क्रॉलर अजून भरपूर आहेत. उपाय जड नाही. आठ-दहा पानांच्या टूलला सर्व्हरवर रेंडरिंगची गरजच नसते. बिल्ड होतानाच प्रत्येक पानाचं एचटीएमएल तयार करून ठेवायचं. टूल खुशाल जावास्क्रिप्टने चालू दे. त्याच्या आजूबाजूचा मजकूर, शीर्षक आणि लिंका मात्र पहिल्याच उत्तरात यायला हव्यात.

राउटिंगकडे, म्हणजे पानांचे पत्ते कसे बनतात त्याकडे, बघायचं ते इथेच. पत्त्यात हॅशच्या (#) पुढे जे काही असतं ते क्रॉलर सोडून देतो, म्हणजे हॅश राउटिंग वापरलं तर दहा पानं त्याच्या लेखी एकच पान. बटणाला ऑनक्लिक लावून केलेलं नेव्हिगेशनही त्याला दिसत नाही. तो ए टॅगमधला एचरेफ वाचतो, बटणं दाबत बसत नाही.

सगळ्यात फसवा प्रकार स्टेटस कोडचा, म्हणजे सर्व्हर उत्तरासोबत पाठवतो त्या आकड्याचा: २०० म्हणजे पान आहे, ४०४ म्हणजे नाही. सिंगल पेज ॲपसाठी होस्टिंगला सांगितलेलं असतं की कुठलाही पत्ता आला तरी मुख्य पानाची इंडेक्स फाइलच दे. परिणामी नसलेल्या पानालाही २०० मिळतो आणि सर्च कन्सोलमध्ये सॉफ्ट ४०४ च्या (२०० मिळूनही पान नसल्याच्या) नोंदी जमा होतात. गिटहब पेजेसवर नेमकं उलटं घडतं. तिथे असा नियम लावता येत नाही, म्हणून इंडेक्सची फाइल ४०४ च्या नावाने कॉपी करून ठेवण्याची युक्ती प्रचलित आहे. ब्राउझरमध्ये सगळी पानं झकास उघडतात, पण आतल्या प्रत्येक पानाचा स्टेटस ४०४ असतो आणि ४०४ देणारं पान इंडेक्समध्ये जात नाही. डोळ्यांना हे कधीच दिसणार नाही. कर्लला फक्त हेडर मागितले की पहिल्याच ओळीत दिसतं.

हेडर बघतच आहात तर एक्स-रोबॉट्स-टॅगही बघून घ्या. नोइंडेक्स हे एचटीएमएलच्या मेटा टॅगमध्ये असतं तसंच हेडरमध्येही असू शकतं, आणि स्टेजिंगसाठी (चाचणीच्या साइटसाठी) लावलेला हेडर प्रॉडक्शनवर (खऱ्या साइटवर) तसाच गेलेला असणं ही रोजची गोष्ट आहे. वर्डप्रेसमध्ये हेच काम सर्च इंजिनांना परावृत्त करण्याचा एक चेकबॉक्स करतो. साइट बांधताना टिक केलेला, नंतर विसरलेला.

रोबॉट्स फाइलबद्दलचा एक गैरसमज फार चिवट आहे. डिसअलाउ म्हणजे येऊ नकोस. इंडेक्समधून काढ असा त्याचा अर्थ होत नाही. दुसऱ्या कुणी त्या पानाला लिंक दिली तर मजकूर न वाचताच नुसता पत्ता निकालात येऊ शकतो. पान खरंच काढायचं असेल तर नोइंडेक्स लावायचं आणि क्रॉलरला आत येऊ द्यायचं. दोन्ही एकदम केलं तर तो आतच येत नाही, मग नोइंडेक्स वाचणार कधी? रोबॉट्स फाइलमध्येच नोइंडेक्स लिहिण्याचा मार्ग गूगलने सप्टेंबर २०१९ पासून बंद केला आहे, तरी जुन्या नमुन्यांमधून ती ओळ अजून फिरत असते.

पुढे कॅनॉनिकल, म्हणजे पानाचा मुख्य पत्ता. एकाच पानाचे किती पत्ते उघडतात ते मोजून बघा: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह, त्याशिवाय, शेवटी तिरकी रेघ असलेला, नसलेला, होस्टिंगचं फुकट सबडोमेन, प्रीव्ह्यूच्या बिल्ड. एक निवडायचा, बाकीच्यांना ३०१ ने (कायमचा पत्ता बदलल्याच्या कोडने) तिकडे वळवायचं, आणि वळवता येत नसेल तिथे कॅनॉनिकल टॅगमध्ये निवडलेला पूर्ण पत्ता द्यायचा. आमच्या बघण्यात सर्वाधिक वेळा येणारा दोष असा की लेआउटच्या फाइलमध्ये कॅनॉनिकल एकदाच लिहिलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक पान स्वतःला होमपेजची नक्कल म्हणवतं. गूगल ते बऱ्याचदा खरं मानतं आणि आतली पानं गायब होतात. लाइटहाउस नुसतं होमपेजवर चालवून त्याच्या गुणांवर भरवसा ठेवलात तर याचा शोध लागायला महिने जातात.

साइटमॅपवर, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी असलेल्या फाइलवर, फार वेळ घालवू नका. एका फाइलला ५०,००० पत्त्यांची मर्यादा आहे, तुमची पानं दहा. प्रायॉरिटी आणि चेंजफ्रीक गूगल वाचत नाही. लास्टमॉड (शेवटच्या बदलाची तारीख) वाचतं, पण ते खरं असेल तरच. बिल्ड स्क्रिप्ट दर वेळी सगळ्या पानांवर आजची तारीख टाकत असेल तर त्या तारखेवरचा विश्वास उडतो. मजकूर शेवटचा बदलला ती गिटमधली तारीख घ्या. फाइलचा पत्ता रोबॉट्स फाइलमध्ये एका ओळीत द्या आणि सर्च कन्सोलमध्ये एकदा नोंदवा. साइटमॅप पिंग करण्याचा जुना पत्ता गूगलने २०२३ मध्येच निवृत्त केला, त्यामुळे डिप्लॉय स्क्रिप्टमधली ती ओळ काढून टाका.

इतकं झाल्यावर महत्त्वाच्या चार-पाच पानांसाठी रिक्वेस्ट इंडेक्सिंग दाबायचं आणि गप्प बसायचं. त्याला रोजची मर्यादा आहे, आणि एकाच पानासाठी पुन्हा पुन्हा दाबल्याने रांगेत नंबर वर येत नाही. गूगलची इंडेक्सिंग एपीआय वापरून काम लवकर उरकण्याच्या क्लृप्त्या सांगितल्या जातात; ती एपीआय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांपुरती आहे. बिंगची गोष्ट निराळी. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलमधली साइट थेट आयात करता येते, आणि इंडेक्सनाऊ या २०२१ मध्ये आलेल्या पद्धतीने डिप्लॉय झाल्याझाल्या बदललेले पत्ते कळवता येतात. त्यासाठी साइटच्या मुळाशी एक किल्लीची टेक्स्ट फाइल आणि एक साधी विनंती, एवढंच लागतं. गूगल हे वापरत नाही. पण डकडकगोचे बरेचसे निकाल बिंगकडून येतात, तेव्हा अर्ध्या तासाची मेहनत फुकट जात नाही.

वाट बघताना पेज इंडेक्सिंगच्या अहवालात दोन शेरे भेटतात आणि दोन्ही सारखेच वाटतात. डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड म्हणजे पत्ता कळला आहे, अजून कुणी आलेलं नाही. नव्या साइटवर हे स्वाभाविक आहे. आतल्या पानांना होमपेजवरून सरळ लिंक दिली तर फरक पडतो. क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड म्हणजे येऊन, बघून, ठेवण्यासारखं वाटलं नाही. इथे टॅग आणि कॉन्फिगरेशन कितीही हलवलंत तरी काही होणार नाही. पानात काय आहे हा प्रश्न आहे, आणि खरं काम इथून सुरू होतं.

आमच्या टूलच्या पानावर काय होतं? एक फाइल टाकायचा चौकोन, एक आकड्याचा रकाना, एक बटण, आणि वर नाव. बांधणाऱ्याला हे स्वच्छ वाटतं. क्रॉलरच्या दृष्टीने तिथे सहा शब्द आहेत. आणि ते नाव कुणालाच माहीत नसल्यामुळे कुणी ते शोधतही नाही. लोक अडचण टाइप करतात: आवाज आधी येतो, अक्षरं नंतर. सबटायटल हळूहळू मागे पडतात. फाइल उघडली तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

हे शब्द मिळवायला पैसे लागत नाहीत. गूगलच्या रकान्यात शब्द अर्धवट टाकून सुचणाऱ्या ओळी उतरवून घ्यायच्या, निकालांमधले लोक हेही विचारतात या चौकटीतले प्रश्न घ्यायचे, दोन शब्दांपैकी कोणता जास्त चालतो ते ट्रेंड्समध्ये ताडून बघायचं. कीवर्ड प्लॅनर जाहिरात न चालवणाऱ्याला फक्त ढोबळ पल्ले दाखवतो. हजार की दहा हजार हे त्यातून कळत नाही, पण शून्य की काहीतरी एवढं कळतं. या सगळ्यापेक्षा चांगला साठा म्हणजे तुमच्याच रेपॉझिटरीतल्या इशूंची (नोंदवलेल्या तक्रारींची) शीर्षकं आणि वापरणाऱ्यांच्या मेलमधली पहिली ओळ. तिथे लोक तुमचे शब्द वापरत नाहीत, स्वतःचे वापरतात.

यादी समोर आली की लक्षात येतं की हे एक पान नव्हे. पहिल्या अडचणीत फरक स्थिर असतो, सुरुवातीला २ सेकंद तर शेवटीही २ सेकंद. एक आकडा मिळवला किंवा वजा केला की झालं. दुसऱ्या अडचणीत फरक वाढत जातो, कारण सबटायटल सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या आवृत्तीसाठी बनवलेलं असतं आणि व्हिडिओ २५ फ्रेमचा असतो. तिथे प्रत्येक वेळेला २३.९७६ भागिले २५, म्हणजे साधारण ०.९५९ ने गुणावं लागतं. दीड तासाच्या सबटायटलमध्ये शेवटी फरक साडेतीन मिनिटांच्या पुढे गेलेला असतो. तिसरी अडचण, चौकोन दिसण्याची, ही एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीची. चौथी एसआरटी या सबटायटलच्या फॉरमॅटवरून वेबव्हीटीटी या दुसऱ्या फॉरमॅटकडे जाण्याची, जिथे मिलिसेकंदाआधीचा स्वल्पविराम जाऊन टिंब येतो आणि फाइलच्या पहिल्या ओळीत वेबव्हीटीटी हा शब्द लागतो. चार अडचणी, चार पानं. प्रत्येकावर तेच टूल, पण त्या कामाचा पर्याय आधीच निवडलेला, वर दोन ओळींत निदान, खाली आकड्यांसह एक उदाहरण. अशा पानाला ठेवण्यासारखं काहीतरी असतं.

एका पानावर आम्ही मुद्दाम हेही लिहितो की टूल कधी लागत नाही. व्हीएलसीमध्ये जी आणि एच दाबून सबटायटल मागेपुढे सरकवता येतं. एकदाच बघायचं असेल तर तेवढं पुरे. फाइल कायमची दुरुस्त हवी असेल तर पुढे वाचा. असं लिहिल्याने माणूस हातचा जातो अशी भीती वाटते, पण ती माहिती शोधणारा माणूस त्याच पानावर येतो आणि त्यातल्या काहींना फाइलच दुरुस्त करायची असते.

चारांची चाळीस पानं करण्याचा मोह आवरा. प्लेअरचं, फोनचं, ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव बदलून बाकी मजकूर तोच ठेवलेली पानं स्क्रिप्टने दहा मिनिटांत निघतात, भाषा मॉडेलने तर शेकड्यांनी. गूगलने मार्च २०२४ मध्ये घाऊक मजकुराबद्दलचा स्पॅमचा नियम अधिक स्पष्ट केला. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने यावर तो थांबत नाही, तो निकालांत वर चढण्यासाठी घाऊक बनवला आहे का ते बघतो. पानावर निराळं उत्तर नसेल तर निराळं पान नको.

टायटलमध्ये काम आधी, नाव नंतर. लांबीला अक्षरांची पक्की मर्यादा नाही. निकालात ते रुंदीप्रमाणे कापलं जातं, म्हणून मुद्दा सुरुवातीला. टायटल आणि वरचं मोठं शीर्षक वेगवेगळं बोलत असतील तर गूगल बऱ्याचदा स्वतःच टायटल बदलून दाखवतं. मेटा डिस्क्रिप्शनने क्रमांक वाढत नाही, पण बरं लिहिलेलं असेल तर ते निकालाखाली दिसतं आणि क्लिक मिळवतं. मेटा कीवर्ड गूगल वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलं आहे.

स्ट्रक्चर्ड डेटावर (पानाची माहिती यंत्राला कळेल अशा साच्यात देण्यावर) डेव्हलपर मंडळी रमतात, कारण ते कोडसारखं दिसतं. सॉफ्टवेअर ॲप्लिकेशनच्या तारांकित निकालासाठी किंमत आणि खरं रेटिंग किंवा रिव्ह्यू लागतो. तो नसताना तारे स्वतःच भरले तर मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई) ओढवते. प्रश्नोत्तरांच्या पसरट निकालांसाठी एफएक्यू मार्कअप टाकायचा सल्ला अजून मिळतो, पण ऑगस्ट २०२३ पासून ते निकाल नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरते केले गेले. तेव्हा छोट्या टूलच्या बाबतीत हे काम शेवटी, किंवा नाहीच.

वेगाचे उंबरठे असे: सर्वात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, लेआउटची हलहल ०.१ च्या आत राहावी. आणि हे १०० पैकी ७५ भेटींत. मोजमाप खऱ्या वापरणाऱ्यांकडून २८ दिवसांचं गोळा होतं, म्हणून नव्या साइटला तिथे आकडेच दिसत नाहीत. काळजीचं कारण नाही. टूलच्या साइटवर मुख्य दोषी सहसा एकच असतो: काही मेगाबाइटचं वेबअसेंब्ली (ब्राउझरमध्ये चालणारा कंपाइल केलेला कोड), जे पान उघडताच उतरायला लागतं. फाइल निवडल्यावर ते आणा. वरच्या मोठ्या चित्राला लेझी लोडिंग (दिसायची वेळ आल्यावरच उतरवणं) लावू नका आणि प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहा. एवढ्यावर थांबा.

लिंकांचं काय? गिटहबवरच्या रीडमीमधली लिंक नोफॉलो (सर्च इंजिनाने मोजू नये अशी खूण केलेली) असते. तरीही ती द्या, कारण माणसं तिथूनच येतात आणि त्यांच्यातलाच एखादा पुढे स्वतःच्या साइटवरून लिंक देतो. पॅकेजच्या रजिस्ट्रीतलं होमपेजचं फील्ड भरा. तुमचं टूल ज्या लायब्ररीवर उभं आहे तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये वापरकर्त्या प्रकल्पांची यादी असेल तर पुल रिक्वेस्ट पाठवा. दोनशे डिरेक्टऱ्यांत नाव नोंदवून काही मिळत नाही. साइट दिसायला लागली की लिंक विकत देऊ करणाऱ्या मेल येऊ लागतात. विकत घेतलेली लिंक गूगलच्या स्पॅम नियमांत बसते, तेव्हा पैसे असते तरी नकोच. न मागता लिंक मिळते ती आधाराला घेता येईल अशा पानाला. फ्रेमरेटच्या सगळ्या जोड्या आणि त्यांचे गुणक यांचा तक्ता हे तसं पान आहे. कुणी उत्तर लिहिताना तो पुन्हा मांडत बसत नाही, लिंक देतो. म्हणूनच त्या पानाचा पत्ता कधी बदलायचा नाही. बदलावाच लागला तर ३०१ किमान वर्षभर ठेवायचा. फुकट सबडोमेनवर बऱ्याचदा ३०१ लावताच येत नाही, तेव्हा स्वतःचं डोमेन घ्यायचंच असेल तर लिंका जमण्याआधी घ्या.

आकडे रोज बघायचे नाहीत. परफॉर्मन्सच्या अहवालात आधी फक्त इम्प्रेशन्स (निकालात किती वेळा दिसलो ते) येतात, क्लिक बऱ्याच उशिरा. सरासरी स्थान हा फसवा आकडा आहे: एक नवं पान पन्नासाव्या जागी दिसू लागलं की सरासरी घसरते आणि साइट बिघडल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात तुम्ही एका नव्या शोधात आलेले असता. उपयोगी पडते ती एकच छाननी. एक पान निवडा, त्याचे शोध उघडा, आणि साधारण ८ ते २० या स्थानांत असलेले, इम्प्रेशन्स असूनही क्लिक नसलेले शब्द काढा. त्यातले काही असे निघतात ज्यांचं उत्तर पानावर अर्धवटच आहे. आमच्या उदाहरणात वाढत जाणाऱ्या फरकाच्या पानावर २९.९७ फ्रेमबद्दलचे शोध येतात आणि पान २५ बद्दलच बोलतं. तिथे एक परिच्छेद आणि तक्त्यात एक ओळ घालायची. नवं पान नाही. एका वेळी एकच बदल, आणि त्याची तारीख कमिटच्या संदेशात.

शोधांची यादी पूर्ण नसते. मोजक्याच लोकांनी टाइप केलेले शोध खासगीपणासाठी लपवले जातात, त्यामुळे शब्दांपुढच्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. तो बग समजून शोधत बसू नका. पडद्यावर १,००० ओळींपर्यंतच दिसतात, शेवटच्या दोन-तीन दिवसांचे आकडे अपुरे असतात, आणि १६ महिन्यांपलीकडचं सगळं पुसलं जातं. महिन्यातून एकदा सीएसव्ही उतरवून रेपॉझिटरीतच एका फोल्डरमध्ये टाकत जा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच महिन्याशी ताडून बघायला काहीतरी हाताशी असेल.